कुत्र्याने चॉकलेट खाल्लं: आधी काय बघायचं आणि कधी सरळ निघायचं

कुत्रा चॉकलेट खात असताना कुणी पाहिलेलं असतं, असं फार कमी वेळा होतं. घरच्यांना दिसतं ते पुढचं, आणि ते साधारण याच क्रमाने येतं:

– पाण्याचं भांडं सारखं रिकामं होतं. घरात कधी घाण न करणारा कुत्रा दारातच शू करून ठेवतो.
– उलटी होते. तिला कोकोचा वास येतो, कधी त्यात चकचकीत कागदाचे तुकडे दिसतात. मागोमाग जुलाब.
– एका जागी बसवत नाही. हॉल, किचन, बेडरूम, परत हॉल.
– एसीत बसूनही धाप लागलेली.
– छातीवर हात ठेवला तर ठोके मोजता येऊ नयेत इतके भराभर.
– अंग तापलेलं, पाय ताठर, मांड्यांना थरथर.
– झटके येणं, किंवा कुत्रा आडवा पडून उठवत नाही अशी अवस्था.

पहिली दोन-तीन लक्षणं बहुतेक वेळा २ ते ४ तासांत दिसतात. पोटात जेवण भरपूर असेल तर ६ ते १२ तासही जातात. शेवटच्या दोन ओळींतलं काही दिसत असेल तर हे वाचणं इथेच थांबवा आणि कुत्र्याला घेऊन निघा. फोन गाडीतून करा.

मी मुलुंडमधल्या जनावरांच्या एका दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करते. रात्रीचे फोन बऱ्याचदा माझ्याकडेच येतात. राखीपौर्णिमा, गणपती, दिवाळी, नाताळ आणि फेब्रुवारीचा तो आठवडा, या दिवसांत फोन वाजला की मी पहिला प्रश्न चॉकलेटचाच विचारते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे इथे औषधांचे डोस मिळणार नाहीत. डॉक्टरांचा फोन लागेपर्यंत काय बघायचं आणि काय अजिबात करायचं नाही, एवढंच लिहिते आहे.

फटाके की चॉकलेट?

दिवाळीत हा घोळ हमखास होतो. कुत्रा थरथरतोय, धापा टाकतोय, म्हणजे फटाक्यांना घाबरला, असं धरून लोक दार-खिडक्या लावून त्याला कुशीत घेऊन बसतात. इकडे टीपॉयखालचा मिठाईचा बॉक्स अर्धा झालेला असतो.

घाबरलेला कुत्रा कोपरा शोधतो. पलंगाखाली, बाथरूममध्ये, कपाटाच्या मागे जाऊन बसतो, शेपूट पायात, कान मागे. आवाज थांबला की हळूहळू निवळतो. चॉकलेट चढलेल्या कुत्र्याला लपायचं नसतं, त्याला थांबताच येत नाही. तो पाणी पितो, मुततो, पुन्हा फेऱ्या मारतो. रात्री १२ नंतर सगळं शांत झालं तरी याची धाप तशीच. भीतीने कुत्रा सहसा घटाघट पाणी पीत नाही. त्यामुळे थरथरीसोबत तहान आणि शू वाढलेली दिसली तर मी फटाके बाजूला ठेवून आधी कचऱ्याचा डबा बघायला सांगते.

मे महिन्यातला उकाडाही असाच फसवतो. उन्हातून आलेला कुत्रा पंख्याखाली, थंड लादीवर पोट टेकवून पडला की थोड्या वेळाने निवळतो. चॉकलेटवाला लादीवर पडून राहतच नाही.

मुळात होतं काय

कोकोमध्ये थिओब्रोमाइन असतं, सोबत थोडं कॅफीन. आपलं यकृत थिओब्रोमाइन काही तासांत निकाली काढतं. कुत्र्याचं यकृत त्या कामात फार संथ. खाल्लेल्यातलं निम्मं शरीराबाहेर पडायलाच साधारण साडेसतरा तास लागतात. तोवर ते हृदयाला पळवतं, मेंदूला झोपू देत नाही आणि लघवी वाढवतं. त्यातून लघवीत उतरलेला काही भाग मूत्राशयातून परत रक्तात शोषला जातो. म्हणून त्रास तीन-तीन दिवस रेंगाळतो, आणि म्हणूनच "संध्याकाळी खाल्लं, रात्री ठीक होता" याला फारसा अर्थ नसतो.

"मागच्या वेळी खाल्लं होतं, काही झालं नाही" हे वाक्य तर प्रत्येक फोनवर येतं. मागच्या वेळी तो लॅब्रेडॉर होता आणि चॉकलेट दुधाचं होतं. आता शिह त्झू आहे आणि चॉकलेट केकवालीच्या सामानातलं आहे. गोष्ट सगळी मापाची आहे, म्हणून पुढच्या तपासण्याही मापाच्याच आहेत. सोप्यापासून सुरू करते.

पहिलं: उरलेलं उचला, डबा तपासा

याला पैसा लागत नाही, मिनिटभराचं काम. जमिनीवर जे पडलंय ते उचला, दुसरं कुत्रं किंवा मांजर असेल तर वेगळ्या खोलीत ठेवा. कुत्र्याच्या तोंडात अजून तुकडा असेल तर ओढाताण करू नका. ओढलं की तो गिळतो, आणि बऱ्याचदा कागदासकट गिळतो. चिकनचा तुकडा किंवा चीज नाकासमोर धरा, तोंड उघडतं.

दोन कुत्री असतील तर "निम्मं निम्मं खाल्लं असेल" असा हिशेब चालत नाही. कुत्र्यांत वाटणी होत नसते. गेलेलं सगळं एकानेच खाल्लं असं दोघांच्याही बाबतीत धरायचं.

दुसरं: कागद शोधा

रॅपर, बॉक्स, डब्याचं झाकण, जे मिळेल ते. त्यावर तीन गोष्टी बघायच्या.

एक, चॉकलेटचा प्रकार आणि वजन. एका ग्रॅममध्ये किती विष असतं त्याचा ढोबळ आकडा असा: पांढऱ्या चॉकलेटमध्ये जवळजवळ नाहीच. दुधाच्या चॉकलेटमध्ये २ मिलीग्रॅम. डार्कमध्ये ५, आणि वेष्टनावर ७० टक्के किंवा जास्त लिहिलं असेल तर ८ धरा. बिनसाखरेच्या बेकिंग चॉकलेटमध्ये १५ च्या आसपास. कोको पावडरमध्ये २० ते २८. घरी चॉकलेट करणाऱ्या बायका क्रॉफर्ड मार्केटमधून जी कंपाउंड चॉकलेटची लादी आणतात, तिच्यातला कोको कंपनीप्रमाणे कमी-जास्त असतो. गडद रंगाची असेल तर ती डार्कच्या हिशेबात टाकायची.

लोकांना भीती वाटते ती चॉकलेटच्या मोठ्या पाकिटाची. मला वाटते ती कोको पावडरच्या उघड्या डब्याची. दिसायला चमचाभर सांडलेलं असतं.

दोन, घटकांच्या यादीत झायलिटॉल आहे का. 'शुगर-फ्री' चॉकलेट, च्युइंगम, काही पीनट बटर यांत ते सापडतं. आपल्याला त्याने काही होत नाही. कुत्र्याच्या शरीरात मात्र त्याने इन्सुलिन धो धो सुटतं आणि अर्ध्या-पाऊण तासात साखर इतकी खाली येते की कुत्रा डुलायला लागतो, कोसळतो. पुढे यकृतही जाऊ शकतं. झायलिटॉल दिसलं तर पुढची कुठलीही तपासणी करू नका, गणितही नको. निघा.

तीन, मनुका. फ्रूट अँड नटवाल्या चॉकलेटमध्ये असतात, नाताळच्या प्लम केकमध्ये तर असतातच. द्राक्षं आणि मनुका काही कुत्र्यांची किडनी बंद पाडतात. कुठल्या कुत्र्याची आणि किती दाण्यांनी, हे आधी सांगता येत नाही. म्हणून तिथेही मापाचं गणित चालत नाही, फोन करायचाच.

कागद सापडलाच नाही तर? तो पोटात आहे असं धरा आणि डॉक्टरांना तसं सांगा. चांदीचा बारीक कागद बहुतेक वेळा शीतून निघून जातो. प्लॅस्टिकचा मोठा तुकडा किंवा बॉक्समधली रिबीन आतड्यात अडकू शकते.

तिसरं: कुत्र्याचं वजन

"मध्यम आहे" हे वजन नाही. लसीकरणाच्या कार्डावर मागच्या वेळचं वजन लिहिलेलं असतं, ते काढा. पिल्लू असेल तर ते वजन जुनं झालेलं असणार. मग बाथरूममधल्या काट्यावर आधी कुत्र्याला उचलून उभं राहा, नंतर एकटे उभे राहा, वजाबाकी करा. घरात काटा नसेल तर सोसायटीत कुणाकडे तरी असतोच. एका गृहस्थांनी त्यांच्या बीगलला रद्दीवाल्याच्या काट्यावर तोलून आणलं होतं, आणि ते वजन आमच्या काट्याशी जुळलंही.

चौथं: गणित

खाल्लेले ग्रॅम गुणिले वरचा आकडा, भागिले कुत्र्याचे किलो. जे उत्तर येतं ते दर किलोमागे मिलीग्रॅम.

२० च्या आसपास उलटी, जुलाब, तहान, अस्वस्थपणा सुरू होतो. ४० ते ५० ला हृदयाचा प्रश्न येतो. ६० च्या पुढे झटके. १०० च्या पुढे जीव जाऊ शकतो, आणि काही कुत्री त्याच्या आतही दगावतात.

आता उदाहरणं, कारण आकडे असे नुसते वाचून काही बोध होत नाही.

२८ किलोचा लॅब, ४० ग्रॅम दुधाचं चॉकलेट. ४० गुणिले २ म्हणजे ८०, भागिले २८. तीनच्या खाली. पोट थोडं बिघडेल, बाकी काही नाही. रात्री मालक रडत फोन करतात ते बहुतेक अशाच लॅबसाठी.

३ किलोचं पॉमेरेनियन, ६० ग्रॅम दुधाचं चॉकलेट. १२० भागिले ३, म्हणजे ४०. चॉकलेट तेच 'साधं' दुधाचं, पण इथे हृदयाची हद्द सुरू झाली.

५ किलोचा शिह त्झू, ६० ग्रॅम डार्क. ३०० भागिले ५, म्हणजे ६०. झटक्यांची हद्द.

तेच ३ किलोचं पॉमेरेनियन आणि ओट्यावरून सांडलेली दोन मोठे चमचे कोको पावडर, समजा १२ ग्रॅम. ग्रॅमला २५ धरले तरी ३००, भागिले ३. शंभर. चाटायला दोन मिनिटं लागतात.

आमच्याकडे उत्तर १५ च्या वर गेलं की डॉक्टर बोलावून घेतात, २० ची वाट बघत नाहीत, कारण खाल्लेल्याचा अंदाज नेहमी कमीच केलेला असतो. "एकच तुकडा" असं सांगणाऱ्यांच्या कुत्र्याच्या उलटीत अख्खी पट्टी निघालेली मी पाहिली आहे. म्हातारा कुत्रा, हृदयाचं औषध चालू असलेला, ज्याला आधी फिट येत होती असा, किंवा गाभण कुत्री असेल तर उत्तर काहीही येवो, फोन करा.

केक, ब्राऊनी, चॉकलेट आइस्क्रीम यांचं गणित घरी नीट बसत नाही, कारण आत कोको किती ते करणाऱ्यालाच माहीत. केक घरगुती बेकरचा असेल तर तिला विचारा, तिला ग्रॅमवर माहीत असतं. क्रीमच्या बिस्किटात किंवा दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरीत कोको त्या मानाने थोडा असतो, पण डबाच्या डबा फस्त केला असेल तर तो थोडा राहत नाही. कॉफीची पावडर किंवा गाळलेला चोथा खाल्ला असेल तर तो चॉकलेटइतकाच गंभीर धरा.

पाचवं: घड्याळ

किती वाजता खाल्लं? माहीत नसेल तर शेवटचं कधी डब्यात पाहिलं होतं आणि रिकामं कधी दिसलं, या दोन वेळा सांगा. पोटातलं उलटीवाटे काढायचं तर पहिले दोन तास सगळ्यात चांगले. चॉकलेट पोटात वितळून गोळा होऊन बसतं, त्यामुळे उशीर झाला तरी डॉक्टर कधी कधी प्रयत्न करतात. पण लक्षणं सुरू झालेल्या कुत्र्याला उलटी करवणं धोक्याचं, थरथरत असताना ती फुफ्फुसात जाऊ शकते. म्हणून 'बघू काय होतंय' यात जे तास जातात ते सगळ्यात महाग पडतात. शहाणा माणूस लक्षण दिसायच्या आधी फोन करतो.

सहावं: कुत्र्याकडे नीट बघा

आता हात लावून करायच्या तपासण्या. कुत्रा चावरा असेल किंवा आत्ता बिथरलेला असेल तर या सोडून द्या.

वरचा ओठ उचलून हिरडी बघा. गुलाबी हवी. बोटाने दाबा, पांढरी होईल, बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. विटेसारखी लालभडक, पांढरट किंवा निळसर दिसली तर तपासणी संपली, निघा. पगच्या आणि आपल्या बऱ्याच गावठी कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. त्यांची खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघायचा.

मागच्या पायाच्या आतल्या बाजूला, मांडी पोटाला मिळते तिथे दोन बोटं ठेवली की नाडी लागते. १५ सेकंद मोजा, चारने गुणा. मोठ्या कुत्र्याची बसल्या जागी ६० ते १००, लहानाची १०० ते १४० असते. मोठा शांत पडलेला असताना १४० च्या वर, किंवा लहान १८० च्या वर जात असेल, किंवा ठोके मध्येच चुकत असतील, तर घरी थांबायचं नाही.

थर्मामीटर असेल आणि कुत्रा करू देत असेल तर गुदद्वारातून ताप बघा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्याला जो ताप वाटतो तो त्याच्यासाठी नेहमीचाच. १०४ दिसलं तर ओल्या फडक्याने पंजे आणि पोट पुसत दवाखाना गाठा. बर्फाच्या पाण्यात बसवू नका.

घरचे उपाय थांबवा: इथून पुढे हात लावू नका

आमच्याकडे येणारी काही कुत्री चॉकलेटपेक्षा घरच्या उपायांनी जास्त हैराण झालेली असतात. म्हणून हे जरा सविस्तर.

मीठपाणी पाजू नका. आपल्याकडे विषबाधेवर पहिला उपाय हाच सुचतो, शेजारच्या काकू सांगतात, वॉचमन सांगतो. मिठाने उलटी झाली नाही तर ते सगळं मीठ रक्तात जातं, मेंदूला सूज येते आणि झटके येतात. मग डॉक्टरांना कळत नाही की झटके चॉकलेटचे की मिठाचे.

घशात बोट घालू नका. कुत्र्याला त्याने सहसा उलटी होत नाही, तुमचं बोट मात्र फाटतं.

हायड्रोजन पेरॉक्साइडचे व्हिडिओ बघून प्रयोग करू नका. त्या परदेशी व्हिडिओंत ३ टक्क्यांची बाटली असते. आपल्याकडे केमिस्टकडे सहज मिळते ती '२० व्हॉल्यूम'ची, म्हणजे ६ टक्क्यांची. दुप्पट तिखट. पोटाचं आतलं अस्तर भाजतं, रक्ताच्या उलट्या होतात. डॉक्टरांनी स्वतः फोनवर बाटलीवरचा आकडा वाचून घेऊन सांगितलं तरच, नाही तर नाही. पग, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर घरी उलटी करवायचीच नाही, ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका त्यांना जास्त.

दूध, ताक, हळद, लिंबू, मोहरीचं तेल यांनी थिओब्रोमाइन मरत नाही. दूध पाजलं की लोकांना काहीतरी केल्यासारखं वाटतं आणि अर्धा तास जातो, एवढाच त्याचा परिणाम.

अंग तापलं म्हणून पॅरासिटामॉल नको, आयब्युप्रोफेन तर नकोच. दोन्ही कुत्र्यांना घातक ठरू शकतात. उलटी थांबायची आपली गोळीही देऊ नका. जे बाहेर पडतंय ते पडू द्या. आणि कोळशाची गोळी. दवाखान्यात आम्ही ॲक्टिव्हेटेड चारकोल देतो हे वाचून लोक केमिस्टकडची गॅसवरची गोळी देतात. तिच्यातलं प्रमाण या कामाला अगदीच अपुरं, आणि गुंगीत किंवा थरथरत असलेल्या कुत्र्याच्या घशात कोंबलेली गोळी छातीत जाऊ शकते.

कधी निघायचं

गणिताचं उत्तर १५ च्या वर. झायलिटॉल किंवा मनुका. कोको पावडर किंवा बेकिंग चॉकलेट, कितीही असो. कुत्रा ५ किलोच्या आतला आणि नक्की किती खाल्लं ते माहीत नाही. एकाहून जास्त उलट्या. थरथर, डुलणं, वर सांगितलेली नाडी, वर सांगितलेला ताप. यातलं एक जरी असलं तरी पुढचं काम डॉक्टरांचं.

फोनवर एवढंच सांगा: कुत्र्याची जात आणि वजन, काय आणि किती ग्रॅम, किती वाजता, आत्ता काय दिसतंय, कुठली औषधं चालू आहेत. रॅपरचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवा. "मॅडम, माझं बाळ" यापुढे पाच मिनिटं काही कळत नाही, आणि त्यात तुमचा दोष नाही, म्हणून आधीच कागदावर लिहून घ्या आणि वाचा.

तुमचा नेहमीचा दवाखाना रात्री बंद असणार. रात्री कोण उघडं असतं ते आजच शोधून ठेवा, आणि तिथला नंबर लागतो का ते एकदा लावून बघा. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, म्हणजे आपलं बैलघोडा, सगळ्यांना माहीत असतं. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही त्याच आवारात आहे. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं. कुठेही जा, फोन करून निघा, नाही तर दारातून परत फिरावं लागतं. उपनगरातून निघत असाल तर लक्षात ठेवा, रिक्षा सायन-माहीमच्या पुढे जात नाही. रात्री दीडला सायनला उतरून २५ किलोच्या कुत्र्यासाठी टॅक्सी शोधण्यापेक्षा घरूनच गाडी बघा. कॅबवाल्याला कुत्रा आहे हे आधी सांगा, आणि जुनी चादर घेतली आहे हेही सांगा. चादरीचं ऐकून बरेच जण तयार होतात. पावसाळ्यात सबवे भरलेला असेल तर लांबच्या नावाजलेल्या ठिकाणापेक्षा पुलाच्या अलीकडचा साधा दवाखाना बरा. पहिली उलटी आणि सलाइन तिथेही होतं.

थिओब्रोमाइनवर उतारा नाही. डॉक्टर उलटी करवतात, चारकोल देतात, गरज पडली तर काही तासांनी पुन्हा देतात, कारण ते यकृतातून आतड्यात परत येत राहतं. सलाइन लावतात. हृदय आवरायला आणि झटके थांबवायला इंजेक्शनं असतात. मूत्राशय रिकामं ठेवण्यासाठी कधी नळी घालतात. वेळेत आलेली बहुतेक कुत्री बरी होऊन घरी जातात.

घरी आल्यावर

दर दोन-तीन तासांनी खाली न्या, शू करू द्या, पाऊस असला तरी. लघवी आत साठली की विष परत शोषलं जातं, हे वर सांगितलंच. दोन-तीन दिवस साधं जेवण, भात आणि उकडलेलं चिकन, तेल-तूप काही नाही. चारकोल दिलेला असेल तर शी काळी होते, त्याला घाबरू नका. पण तिसऱ्या दिवशीच्या आत पुन्हा उलट्या सुरू झाल्या, पोट दुखून पाठीची कमान करायला लागला, खाणं सोडलं, तर परत न्या. चॉकलेटमधल्या चरबीने स्वादुपिंडाला सूज येते आणि ती अशी मागाहून दिसते. शी होत नसेल आणि कागद सापडला नव्हता, तरीही न्या.

तीच घरं परत का येतात

कारण चॉकलेटची जागा बदललेली नसते. गणपतीत चॉकलेट मोदकांचा बॉक्स पाटासमोर जमिनीवर, म्हणजे बरोबर कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर ठेवलेला असतो. घरातल्यांना सवय असते, दर्शनाला आलेल्यांना नसते, ते जागा दिसेल तिथे बॉक्स ठेवून हात जोडतात. ज्यांच्याकडे कुत्रा आहे त्यांनी दारातच पाहुण्यांच्या हातातून बॉक्स घेऊन फ्रिजवर ठेवावा. फ्रिजमध्ये नव्हे. लॅब्रेडॉरला फ्रिज उघडता येतो.

बाकी जागा: मुलांची दप्तरं, पाहुण्यांच्या पर्सा, गाडीचा दरवाज्याकडचा कप्पा, सकाळच्या कचरेवाल्यासाठी रात्री दाराबाहेर ठेवलेली पिशवी. घरगुती बेकर असाल तर किचनच्या दाराला लहान मुलांसाठी मिळतं तसं फाटक बसवा, कारण लादी फोडताना उडणारे तुकडे तुम्हाला दिसत नाहीत, त्याला दिसतात. आणि 'सोड' ही आज्ञा शिकवा, रोज दोन मिनिटं, सोडलं की आणखी चांगलं काहीतरी देऊन. रागावून शिकवलेला कुत्रा तोंडातलं सोडत नाही, पटकन गिळतो.

सोसायटीतल्या, रस्त्यावरच्या कुत्र्यांना वाढदिवसाचा उरलेला केक घालतात, तेही बंद करायला हवं. आपला गावठी कुत्रा साधारण १५ ते २० किलोचा धरून गणित करा. तो थरथरताना दिसला तर तुमच्या भागात जे रोज त्याला खायला घालतात त्यांना बोलवा, त्यांच्या हाताला तो येतो. तुम्ही स्वतः त्याच्या तोंडात हात घालू नका. दात लागलेच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या इंजेक्शनसाठी पालिकेच्या रुग्णालयात जा.